खूण

जहऱ्याला, मोबाईलवाला आणि खुबूसची भट्टी
यांच्या फटीत आमचं दुकान.
बारा सुयांचं यंत्र दिवसभर
ससाण्याचे पंख भरत असतं,
पंखांच्या मिठीत गलबत, शिडं फुगलेली.
एका बिल्ल्याला साडेसहा हजार टाके.
सगळ्यात कमी लागतात समुद्राला :
दोन निळ्या रेघा, एक पांढरी.

गेल्या महिन्यात एका शाळेचं काम आलं.
मॅनेजर टायची गाठ सैल करत म्हणाला,
ढाल हवी. जुनी वाटली पाहिजे.
शाळा कधीची?
सप्टेंबरची.

मग बसलो दोघं.
सिंह मागच्या पायांवर उभा केला,
कारण चालणारा सिंह त्याला गाढवासारखा दिसला.
वर दिवा, खाली पुस्तक, पुस्तकाखाली फीत,
फितीवर लॅटिन. अर्थ त्यालाही ठाऊक नव्हता,
मी फक्त अक्षरं मोजली : एकवीस. बसतील.
लाल म्हणजे शौर्य, तो म्हणाला, निळा म्हणजे निष्ठा.
निळी रिळं संपली होती.
हिरव्याचा अर्थ काय हो?
तो जरा थांबला. आशा, म्हणाला.
आशा लगेच मिळेल, म्हटलं, दोन खोकी पडून आहेत.

एक मात्र त्याच्याकडून शिकलो :
ढालीची उजवी बाजू
बघणाऱ्याची नसते,
ढालीमागे जो उभा असतो, त्याची.
अठरा वर्षं मी सगळं समोरून शिवत आलो.

मुतलक आला तो अस्रच्या अजाननंतर,
नातवाच्या खांद्यावर हात,
काखेत मेंढीच्या कातड्याचा फरवा.
त्याच्या कार्डावर ससाणा नाही.
जन्म इथलाच, तंबूत;
साल विचारलं तर म्हणतो, टोळ आले त्या वर्षी.
कार्डाच्या खिडकीवर टोळ चालत नाहीत.

त्याने चहात बोट बुडवलं
आणि काउंटरच्या काचेवर काढलं :
एक उभी रेघ, शेजारी कडं,
खाली एक आडवं, तिरकं, जरासं.
वस्म, नातू म्हणाला.
आमच्या उंटांच्या मानेवर असायचा. डावीकडे.
कुणाच्या डावीकडे?
म्हातारा माझ्याकडे बघतच राहिला.
उंटाच्या, म्हणाला.

उंट किती आहेत?
एकही नाही.

याचा अर्थ काय, बाबा? शौर्य? निष्ठा?
तो हसला, दात दोनच.
अर्थ कसला? उंट भरकटतो.
परक्या विहिरीवर जातो.
तिथला माणूस मान बघतो,
आधी पाणी पाजतो,
मग निरोप धाडतो.

मी माझ्या मोडक्या अरबीत सांगू लागलो,
आमच्यात देवक असतं. आमचं कळंब.
लग्नात त्याची डहाळी पूजतात,
एरवी ते झाड तोडायचं नाही, चुलीत घालायचं नाही.
झाड आमचं की आम्ही झाडाचे,
हे आजवर कुणी सांगितलं नाही मला.
कळंबाला शब्द सुचेना. शजर, म्हटलं. झाड.
त्याने मान हलवली,
जसं काही त्याच्या ओळखीतलं निघालं.

तीन रेघांसाठी यंत्र कशाला लावायचं?
हातानेच घातले टाके, साखळीचे,
मातकट दोऱ्याने, फरव्याच्या आतून,
डाव्या अंगाला. घालणाऱ्याच्या डाव्या.
अर्धा दिनार सांगितला.
त्याने घासाघीस केली. पाव दिनारवर तुटलं.
काचेवरची खूण तोवर वाळून
साखरेचा चिकट डाग झाली होती.
पुसायला फडकं घेतलं, आणि ठेवून दिलं.

रात्री शटर अर्धं ओढून जेवायला बसलो.
डब्याचं झाकण पालथं पडलं होतं, दिव्याखाली.
ठिपक्याठिपक्यांनी ठोकलेलं वडलांचं नाव :
ग. रा. घोगळे. कुडाळच्या बाजारात,
अक्षरामागे दहा पैसे.
'रा'चा काना झिजलाय.
डबा हरवला, तर कुणाचा, ते कळेल.
कुठे धाडायचा,
ते ठोकायला तेव्हा
पैसे पुरले नसावेत.